अभियांत्रिकीची पदवी : खर्च, कर्ज आणि परतावा

बारावीचा निकाल आणि सीईटीचे गुण हाती आले की महाराष्ट्रातील लाखो घरांत एकच हिशेब सुरू होतो. कोणत्या महाविद्यालयात प्रवेश मिळेल, हा त्यातील पहिला प्रश्न आणि शुल्क कसे भरायचे, हा दुसरा. तिसरा प्रश्न मात्र बहुतेक घरांत विचारलाच जात नाही. एवढा खर्च करून हाती येणारी पदवी तो खर्च भरून काढील का? पदवी म्हणजे प्रतिष्ठा, पदवी म्हणजे लग्नाच्या बाजारातील पत आणि पदवी म्हणजे नोकरी, ही समीकरणे मध्यमवर्गाच्या मनात इतकी घट्ट बसली आहेत की तिची किंमत विचारणे अनेकांना अप्रशस्त वाटते. परंतु शेत गहाण ठेवून, दागिने मोडून किंवा बँकेचे कर्ज काढून जेव्हा ही पदवी विकत घ्यावी लागते, तेव्हा हा प्रश्न टाळता येत नाही. या प्रश्नाचे सर्वांना लागू पडणारे एकच उत्तर नाही. पण प्रत्येक कुटुंबाला आपले उत्तर काढता यावे, एवढी माहिती आज उपलब्ध आहे.

१९८३ पूर्वी आणि नंतर

महाराष्ट्रात अभियांत्रिकी शिक्षणाची परंपरा जुनी आहे. पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयाचे मूळ १८५४ सालचे. मुंबईतील व्हीजेटीआयची स्थापना १८८७ ची, तर सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ चे. या आणि अशा मोजक्या संस्थांतील जागा थोड्या होत्या आणि शुल्क नाममात्र होते. ज्याला तेथे प्रवेश मिळाला, त्याची पदवी जवळजवळ सरकारी खर्चानेच होत असे. ज्यांना जागा मिळत नसे, त्यांपैकी ऐपत असलेल्या घरांतील मुले देणगी भरून शेजारच्या कर्नाटकातील खासगी महाविद्यालयांत जात.

वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, १९८३ मध्ये, राज्य सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देण्याचा निर्णय घेतला. राज्यातील पैसा आणि विद्यार्थी राज्यातच राहावेत, ही त्यामागील भूमिका होती. त्यानंतर सहकारातील व राजकारणातील पुढाऱ्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत संस्था उभारल्या. ग्रामीण भागातील पहिल्या पिढीला अभियंता होण्याची संधी यातूनच मिळाली, हे मान्यच करावे लागेल. परंतु याच निर्णयाने शिक्षणाचा भार सरकारच्या तिजोरीवरून पालकांच्या खिशावर आला. पदवीचा खर्च आणि परतावा हा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हा जन्माला आला.

पाठोपाठ देणगीचा प्रश्न उभा राहिला. १९८७ मध्ये राज्याने कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा केला. १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निम्म्या जागा सवलतीच्या आणि निम्म्या भरणा शुल्काच्या अशी पद्धत घालून दिली. ती २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने मोडीत निघाली. खासगी संस्थांना आपले शुल्क ठरवता येईल, विकासासाठी वाजवी शिल्लकही ठेवता येईल. मात्र नफेखोरी करता येणार नाही आणि देणगी घेता येणार नाही, असा दंडक न्यायालयाने घातला. २००३ च्या इस्लामिक अ‍ॅकॅडमी निकालातून शुल्क समित्या आल्या. महाराष्ट्रातूनच गेलेल्या पी. ए. इनामदार खटल्याच्या २००५ च्या निकालाने विनाअनुदानित संस्थांतील सरकारी कोटा संपवला. २०१५ च्या कायद्यानुसार आता राज्यात शुल्क नियामक प्राधिकरण काम करते. प्रत्येक महाविद्यालयाचे शुल्क त्याने दाखवलेल्या खर्चाच्या आधारे हे प्राधिकरण ठरवते. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. शुल्क ठरते ते महाविद्यालयाच्या खर्चावरून. तेथील पदवीला बाजारात काय मोल आहे, यावरून नव्हे. त्यामुळे जवळजवळ सारख्याच शुल्काच्या दोन महाविद्यालयांतील पदव्यांच्या परताव्यात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

खरा खर्च किती?

पालक बहुधा शिकवणी शुल्काचा आकडा धरून हिशेब करतात. प्रत्यक्षात त्यात वसतिगृह किंवा खोलीचे भाडे, खानावळ, प्रवास, संगणक, पुस्तके आणि परीक्षा शुल्क मिळवावे लागते. अकरावी-बारावीच्या खासगी शिकवणीवर झालेला, अनेकदा लाखाच्या घरात जाणारा खर्च तर पदवीच्या हिशेबात धरलाच जात नाही.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहता येईल. शिकवणी शुल्क वर्षाला १ लाख रुपये, राहण्या-जेवण्याचा खर्च वर्षाला ८० हजार आणि इतर खर्च वर्षाला २० हजार धरला, तर चार वर्षांचे ८ लाख रुपये होतात. शुल्कवाढ यात धरलेली नाही. यातील २ लाख रुपये घरच्या बचतीतून उभे राहिले आणि ६ लाखांचे शैक्षणिक कर्ज काढले, असे समजू. कर्ज दरवर्षी दीड लाख याप्रमाणे उचलले, व्याजाचा दर १० टक्के आहे आणि अभ्यासक्रमानंतर एक वर्षाने परतफेड सुरू होते. शिक्षणाच्या काळात व्याज भरले नाही, तर सरळव्याजाने ते २ लाख १० हजार रुपये होते. म्हणजे परतफेडीच्या पहिल्या दिवशी डोक्यावर ८ लाख १० हजारांचे कर्ज असते. दहा वर्षांच्या मुदतीत त्याचा मासिक हप्ता सुमारे १०,७०० रुपये येतो आणि एकूण परतफेड १२ लाख ८० हजारांच्या पुढे जाते.

आता दुसरी बाजू. मोठ्या प्रमाणावर भरती करणाऱ्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत नव्या पदवीधराचे सुरुवातीचे वेतन गेल्या दीड दशकात वर्षाला सुमारे तीन ते साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळले आहे. या काळात महाविद्यालयांचे शुल्क आणि शहरांतील भाडी मात्र थांबलेली नाहीत. हाती येणाऱ्या २४-२५ हजारांतून १०,७०० रुपयांचा हप्ता वजा झाला की पुण्या-मुंबईत राहणाऱ्या तरुणाजवळ घरी पाठवण्यासाठी काही उरत नाही. नोकरी लागूनही घरची स्थिती का सुधारली नाही, असा प्रश्न अनेक आई-वडिलांना पडतो. त्याचे उत्तर या हिशेबात आहे.

हाच हिशेब थोडा बदलला तर चित्र बदलते. शिक्षण चालू असतानाच दरमहा व्याज भरत राहिल्यास मुद्दल ६ लाखच राहते आणि हप्ता सुमारे ७,९०० रुपयांवर येतो. असे नियमित व्याज भरणाऱ्यांना व्याजदरात एक टक्का सवलत देण्याची तरतूद भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेत आहे. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला साडेबाराशे रुपयांच्या आसपास असते. अनेक कुटुंबांना ते झेपण्यासारखे असते. पण त्याबद्दल त्यांना वेळीच सांगितले जात नाही.

पदवी दुहेरी काम करते

पदवीमुळे उत्पन्न का वाढते, याचे दोन शास्त्रीय खुलासे आहेत. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या मानवी भांडवलाच्या सिद्धान्तानुसार शिक्षणाने माणसाची उत्पादकता वाढते आणि वाढीव वेतन हे त्या उत्पादकतेचे मोल असते. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये वेगळी बाजू दाखवली. मालकाला उमेदवाराची पात्रता थेट दिसत नाही. पदवी ही त्या पात्रतेची खूण म्हणून काम करते. शिक्षणातून काही कौशल्य आले नाही, तरीही ही खूण पैसे मिळवून देऊ शकते. या दोन्ही अर्थशास्त्रज्ञांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतात पदवीची ही दुसरी भूमिका फार ठळक आहे. लोकसेवा आयोगाच्या परीक्षा, बँकांतील अधिकारीपदे, तलाठी भरती या सर्वांसाठी पदवी ही किमान अट असते. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांहून थोड्या अधिक जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. या अर्जदारांत अभियंत्यांची संख्या लक्षणीय होती. मात्र येथे पदवी केवळ दार उघडण्याचे काम करते आणि कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी ते करू शकते. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची किंवा अनुदानित महाविद्यालयातील कला, वाणिज्य वा विज्ञान शाखेची पदवी त्यासाठी पुरते आणि तिचा खर्च अभियांत्रिकीच्या तुलनेत अगदी किरकोळ असतो. मुलाचा कल स्पर्धा परीक्षांकडेच आहे, हे आधीपासून ठाऊक असेल, तर आठ लाखांची पदवी घेऊन त्या दाराशी उभे राहण्यात शहाणपण नाही.

बेरोजगारीचे आकडे कसे वाचावेत?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीतील मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतातील रोजगारविषयक अहवालातील एक आकडा बराच गाजला. २०२२ मध्ये भारतातील पदवीधर तरुणांत बेरोजगारीचे प्रमाण २९.१ टक्के होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ते केवळ ३.४ टक्के होते. यावरून 'शिकणेच व्यर्थ' असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. निरक्षर तरुणाला बेरोजगार राहणे परवडतच नाही. मिळेल ते काम, मिळेल त्या मजुरीवर त्याला करावे लागते. पदवीधर मात्र घरच्यांच्या आधारावर मनाजोगत्या नोकरीची वाट पाहतो. नोकरी मिळाल्यानंतर पदवीधराचे सरासरी वेतन इतरांपेक्षा निश्चितच अधिक असते.

तरीही हा आकडा एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. पदवीनंतरची वाट पाहण्याची वर्षे हादेखील पदवीचाच खर्च आहे. बँकेचा हप्ता त्या काळात थांबत नाही. ज्या घराला दोन वर्षे वाट पाहणे परवडते आणि ज्याला परवडत नाही, त्या दोघांसाठी एकाच पदवीची किंमत वेगवेगळी असते.

सर्वांत महाग पदवी कोणती?

शुल्काच्या याद्यांत न दिसणारी एक पदवी सर्वांत महाग पडते. ती म्हणजे अपूर्ण राहिलेली पदवी. पहिल्या-दुसऱ्या वर्षी गणिताच्या किंवा यंत्रशास्त्राच्या विषयांत अडकून, एटीकेटीच्या फेऱ्यांत सापडून वर्ष वाया गेले, तर वरील उदाहरणानुसार खर्चात आणखी २ लाखांची भर पडते आणि वेतनाचे एक वर्षही जाते. दोन वर्षांनी शिक्षण सोडणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर कर्ज उरते ते अभियंत्याचे आणि नोकरी मिळते ती बारावी उत्तीर्णाची. कर्जफेडीची अडचण तो बहुधा घरी सांगत नाही आणि त्याचे हप्ते सहकर्जदार असलेल्या वडिलांच्या निवृत्तिवेतनातून किंवा उसाच्या बिलातून जाऊ लागतात.

शिवाय पदवी पूर्ण झाली तरी गुणांची अट असते. अनेक कंपन्या किमान ६० टक्के गुण आणि एकही विषय राहिलेला नसणे, एवढ्यावरच उमेदवारांची चाळणी करतात. म्हणून खर्चाचा विचार करताना मुलाला शाखेची आवड आणि गणिताची बैठक आहे का, ही विचारणा भावनिक नसून थेट आर्थिक ठरते.

महाविद्यालयाची पारख

माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर झळकणारे 'सर्वोच्च पॅकेज' पारख करण्यासाठी निरुपयोगी असते. सरासरी वेतनही फसवे असते. दहा विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांना ३ लाख आणि एकाला ३३ लाख मिळाले, तर सरासरी ६ लाख येते. परंतु रांगेच्या मधोमध उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला मिळतात ३ लाखच. या मधल्या आकड्याला मध्यक म्हणतात आणि पालकांनी विचारायचा आकडा तोच होय.

नोकरी मिळालेल्यांच्या टक्केवारीतही मेख असते. १२० विद्यार्थ्यांच्या वर्गात चाळणीनंतर ६० जणच मुलाखतींस पात्र ठरले आणि त्यांतील ४५ जणांना नोकरी लागली, तर जाहिरातीत ७५ टक्के असे छापले जाते. संपूर्ण वर्गाच्या हिशेबाने हे प्रमाण साडेसदतीस टक्के आहे.

खरी माहिती मिळवण्याचा एक मार्ग आहे. केंद्र सरकार २०१६ पासून राष्ट्रीय संस्थात्मक मानांकन, म्हणजे एनआयआरएफ, जाहीर करते. त्यात भाग घेणाऱ्या संस्थांना प्रवेश घेतलेले विद्यार्थी, विहित मुदतीत पदवी पूर्ण केलेले विद्यार्थी, नोकरी मिळालेले विद्यार्थी, त्यांच्या वेतनाचा मध्यक आणि उच्च शिक्षणाला गेलेल्यांची संख्या द्यावी लागते. ही माहिती संस्थांनी स्वतः भरलेली असते, हे लक्षात ठेवूनही तिचा उपयोग मोठा आहे. प्रवेश किती आणि मुदतीत उत्तीर्ण किती, ही दोन शेजारची रकाने पाहिली तरी महाविद्यालयाविषयी बरेच काही कळते. शुल्काचा मंजूर आकडा शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. त्याहून अधिक रक्कम मागितली गेल्यास तेथे तक्रार करता येते.

सवलतींचे गणित

खर्चाची दुसरी बाजू म्हणजे सरकारी सवलती. वार्षिक ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून शिकवणी शुल्काच्या निम्मी रक्कम मिळते. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून याच उत्पन्नमर्यादेतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिकवणी व परीक्षा शुल्क राज्य सरकार पूर्णपणे भरते. अनुसूचित जाती-जमाती व भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी स्वतंत्र योजना आहेत. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे.

यातील कळीची अट अशी, की या सवलती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागांनाच लागू होतात. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला नाहीत. वरील उदाहरणातील कुटुंबाला शिकवणी शुल्कात निम्मी सवलत मिळाली, तर ८ लाखांचा खर्च ६ लाखांवर येतो. मुलीचे संपूर्ण शुल्क माफ झाले, तर तो जवळजवळ ४ लाखांवर येतो आणि कर्जाची गरजच कदाचित उरत नाही. म्हणजे एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेल्या दोघांसाठी पदवीची किंमत दुप्पट फरकाची असू शकते.

कर्जाच्या बाबतीत, साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी शिक्षणकाळातील व्याज भरण्याची केंद्र सरकारची योजना २००९ पासून आहे. मात्र संस्थेच्या मान्यतेच्या अटी तिला आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामिनाशिवाय कर्ज आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजात ३ टक्के सवलत मिळते. प्राप्तिकराच्या ८०-ई कलमाखालील व्याजाची वजावट नव्या करप्रणालीत मिळत नाही. तीन-साडेतीन लाख कमावणाऱ्या नव्या अभियंत्याला तर कर भरावाच लागत नसल्याने तिचा उपयोग शून्य. कर्ज देताना करसवलतीचे आमिष दाखवले जाते, तेव्हा हे ध्यानात ठेवावे.

तंत्रनिकेतनाची वाट

कमी खर्चात आणि कमी धोक्यात अभियंता होण्याचा एक मार्ग महाराष्ट्रात पूर्वीपासून आहे. तो 'डिप्लोमा' या नावाने थोडा दुय्यम मानला गेला. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. अकरावी-बारावीची दोन आणि पदवीची चार मिळून सहा वर्षे होतात. पदविकेची तीन आणि पदवीची तीन मिळूनही सहाच. शासकीय तंत्रनिकेतनाचे शुल्क वर्षाला दहा हजार रुपयांच्या आसपास असते. पदवीच्या महागड्या शुल्काचे एक वर्ष वाचते आणि सीईटीच्या शिकवणीचा खर्चही वाचतो.

याहून महत्त्वाचा फायदा वेगळा आहे. पदविकेच्या टप्प्यावर थांबावे लागले, तरी हाती एक पूर्ण पात्रता असते. सार्वजनिक बांधकाम विभाग आणि रेल्वे यांतील कनिष्ठ अभियंत्याच्या पदांसाठी पदविका चालते आणि कारखान्यांनाही पदविकाधारकांची गरज असते. बारावीनंतर पदवी अर्ध्यावर सुटलेल्या विद्यार्थ्याजवळ असे काहीच नसते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून, म्हणजे आयटीआयमधून, पदविकेच्या दुसऱ्या वर्षात जाण्याची सोयही आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतन घेऊन शिकता येते. ही शिडी असून तिच्या प्रत्येक पायरीवर उभे राहता येते. अर्थात, शासकीय तंत्रनिकेतनांतील जागा मर्यादित आहेत आणि थेट दुसऱ्या वर्षात आलेल्या विद्यार्थ्यांची अभियांत्रिकी गणितात दमछाक होते, हेही तितकेच खरे.

निर्णयाची कसोटी

या सर्व माहितीतून काही ठोकताळे हाती लागतात. शासकीय किंवा नामांकित महाविद्यालयातील पदवी, आवडीच्या शाखेत आणि सवलतीसह मिळत असेल, तर ती आजही उत्तम गुंतवणूक आहे. सर्व सवलती वजा करून उरणारे कर्ज त्या महाविद्यालयातील मध्यक वार्षिक वेतनाहून कमी असेल, तर हप्ता पगाराच्या पाचव्या हिश्श्याच्या आत-बाहेर राहतो आणि ते सहसा झेपते. ते दुपटीच्या जवळ जात असेल, तर दुसरे महाविद्यालय किंवा दुसरा मार्ग शोधणे श्रेयस्कर. वरील उदाहरणातील ६ लाखांचे कर्ज आणि साडेतीन लाखांचे वेतन या दुसऱ्या प्रकारात मोडते. व्यवस्थापन कोट्यातील जागा या कसोटीला बहुधा उतरत नाही, कारण तेथे सवलत नसते आणि पदवी मात्र इतरांसारखीच असते.

हा हिशेब मुलाला बरोबर घेऊनच मांडला जावा. वडिलांनी गुपचूप कर्ज काढायचे आणि मुलाने ते चौथ्या वर्षी कळल्यावर अपराधीपणाने पहिली मिळेल ती नोकरी धरायची, हे अनेक घरांत घडते. प्रवेशफेरीत जागा स्वीकारण्यासाठी मोजकेच दिवस मिळतात. त्या दिवसांत एका कागदावर एकूण खर्च, मिळणारी सवलत, उरणारे कर्ज, मासिक हप्ता आणि त्या महाविद्यालयातील मध्यक वेतन हे पाच आकडे लिहून घरातील सर्वांनी एकदा एकत्र वाचावेत. मग घेतलेला निर्णय कोणताही असो, त्याची किंमत सर्वांना आधीपासून ठाऊक असेल.